नारूचा ओटा

आमलवदच्या दोन गोष्टी साऱ्या तालुक्यात नावाजलेल्या होत्या. एक, लोटन पाटलाच्या आज्याने बांधलेली पायऱ्यांची बारव; आणि दुसरी, तिच्याच काठावर लोटनच्या बापाने जागा देऊन उभा करवलेला लोकल बोर्डाचा दवाखाना. तिसरीही एक गोष्ट होती, नारू. पण तिचं नाव पाटलासमोर काढायची सोय नव्हती.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. हा सुतासारखा बारीक आणि हातभर लांब किडा. उन्हाळा तापला की पायाला फोड येतो, पायात निखारा ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटतो आणि किडा डोकं बाहेर काढतो. मग त्याला काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तो मध्येच तुटला, तर पाय सुजतो आणि माणूस पेरणीच्या दिवसांत खाटेवर पडून आढं बघत बसतो. आमलवदमध्ये असे आढं बघणारे दरसाल निघत. गावाला त्याचं काही वाटत नसे. पाऊस येतो, होळी येते, तसा नारू येतो.

जुने डॉक्टर होते तेव्हा त्यांनी यावर नामी तोड काढली होती. गार पाण्यात पाय सोडला की आग थांबते आणि किडाही सुखाने बाहेर येतो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि गार पाणी तर दारातच. त्यांनी पाटलाला सांगून बारवेच्या तळच्या पायरीवर एक ऐसपैस दगडी ओटा करून घेतला. नारूचे दुखणाईत सकाळपासून त्यावर ओळीने बसत, पाय पाण्यात सोडत, आणि दवाखान्याचा कंपौंडर नजीर हातात काड्या घेऊन एकेकाचा किडा गुंडाळत फिरे. शेजारीच गावच्या बायका घागरी बुडवत. उपचार तिथंच, पिण्याचं पाणी तिथंच आणि गावच्या भानगडीही तिथंच. एकदा एक साहेब पाहणीला आला, त्याने ही टापटीप पाहून मान डोलावली, आणि तेव्हापासून लोटन पाटील मिशीला पीळ देताना बारवेकडे तोंड करून देऊ लागला.

दवाखान्याच्या इमारतीला दोन दारं होती. उजव्या दारात रोग बरा करणारं खातं बसे आणि डाव्या दारात रोग होऊच न देणारं खातं. डाव्या खात्याचा इन्स्पेक्टर महिन्यातून एखादवेळी तट्टावर बसून येई, भिंतीला तक्ते डकवी आणि उजव्या खात्याशी न बोलता निघून जाई. दोघांचं पिण्याच्या माठावरून वाकडं आलं होतं. उजवीकडे लोकांना सांगत, पाय पाण्यात सोडा. डावीकडच्या तक्त्यावर लिहिलेलं असे, पाय पाण्यात सोडू नका. दोन्ही सल्ले सरकारीच, त्यामुळे दोन्हींचा मान राखून लोक आपल्याला हवं तेच करीत.

मग वरून हुकूम आला, की यापुढे प्रतिबंध आणि उपचार ही दोन्ही कामं एकाच दवाखान्याने, एकाच डॉक्टरने, एकदिलाने करायची. हुकमाची अंमलबजावणी धडाक्यात झाली. सुतार आला, मधल्या भिंतीला दार पाडलं, दाराला कडी लावली, आणि दोन्ही खाती एक झाल्याचं वर कळवण्यात आलं. कडी कोणत्या बाजूने लावायची यावर मात्र पुढं बरेच दिवस चर्चा चालली.

जुने डॉक्टर पेन्शनीत गेले आणि त्यांच्या जागी अनीस डॉक्टर आला. नंदुरबारच्या एका बांगडीवाल्याचा मुलगा, पुण्याला शिकलेला, अंगाने काटकुळा आणि स्वभावाने हट्टी. हुकूम खरा मानणारा माणूस सरकारी नोकरीत क्वचित सापडतो, तो नेमका आमलवदच्या वाट्याला आला. पहिल्याच दिवशी तो बारवेच्या काठावर उभा राहिला, खाली ओट्यावरच्या पायांच्या रांगेकडे आणि शेजारी बुडणाऱ्या घागरींकडे त्याने बघितलं, आणि मटकन खाली बसला.

त्याने लोटन पाटलाला दवाखान्यात बोलावून सगळं समजावलं. पाण्यात पाय सोडला की किड्याची पिल्लं पाण्यात उतरतात. पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव ती गिळतात. ते पाणी माणसं पितात, आणि सुमारे वर्षाने त्यांच्या पायाला फोड येतो. म्हणजे दवाखाना एका हाताने नारू ओढतो आणि दुसऱ्या हाताने गावाला पाजतो. पायऱ्या बुजवायच्या, वर रहाट बसवायचा, कोणाचाच पाय पाण्याला लागू द्यायचा नाही, आणि तोवर पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं. एवढं केलं तर या गावातला नारू संपेल, असं तो म्हणाला.

लोटनला राग आला तो नारूचा नव्हे.

"डाक्तर, मन्हा आजानी पुण्य करं, आन तुम्ही म्हणतस रोग वाटा?"

"पुण्य बारवनं शे, पाटील. पाप त्या ओटानं शे," डॉक्टर म्हणाला. "पायऱ्या बुजा, रहाट लावा. पुण्य तसंच ऱ्हाई."

लोटन काही वाईट माणूस नव्हता. गावातल्या कोणाचा बैल मेला तर तो आपला जोडून देई. डॉक्टर मुसलमान म्हणून त्याला आकस होता असंही नाही. मोहरमला पाटलाच्या वाड्यावरून ताबूताला नारळ जात असे. त्याची अडचण वेगळी होती आणि ती तो कोणाला सांगू शकत नव्हता. त्याच्या मुलाचं, हिलालचं, लग्न ठरत होतं. तापीपलीकडे ब्राह्मणपुरीच्या दगाजी पाटलाची जसोदा त्याने मागितली होती. घर तोलामोलाचं, मुलगी चुणचुणीत. दगाजीने एकच विचारलं होतं, गावात नारू आहे का? त्या मुलखात रीतच होती, नारूच्या गावात पोर देत नसत. पोर दिली की ती पेरणीच्या दिवसांत लंगडणार आणि सासरचे माहेराला बोल लावणार. लोटनने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, नारू? तो काय असतो?

आता बारवेच्या पायऱ्या बुजवायच्या म्हणजे काय? म्हणजे गवंडी येणार, चुन्याच्या गाड्या येणार, बाजारात लोक विचारणार, की पाटलाने आज्याची बारव का बुजवली? आणि उत्तर बैलगाडीत बसून तापीपार जाणार. रोग असला तर तो झाकता येतो. पण रोगावरचा इलाज दहा कोसांवरून दिसतो. म्हणून लोटनने डॉक्टरला गोड शब्दांत सांगितलं, की लग्न होऊ द्या, मग बघू.

डॉक्टर थांबणाऱ्यातला नव्हता. त्याने ओट्यावर बसायला मनाई केली आणि नंदुरबारहून एक मोठी लोखंडी बादली आणली. दुखणाइताने दवाखान्याच्या अंगणात बसायचं, बादलीत पाय सोडायचा, आग थांबेल, किडा निघेल, आणि ते पाणी लांब कोरड्या मुरमात ओतून द्यायचं. एकाच बादलीत उपचार आणि प्रतिबंध, सरकारच्या हुकमाला याहून साजरी मूर्ती मिळाली नसती. पण गाव बिथरलं. बारवेत साऱ्या गावाचे पाय चालत होते, बादलीत मात्र दुसऱ्याचा पाय चालेना! आधी कोणत्या जातीने पाय घातला, नंतर कोणी घालायचा, बादली विसळायची कोणी, यावर इतका कल्लोळ झाला की बादलीत पाय म्हणून कोणी घातला नाही. शेवटी नजीर त्यात डॉक्टरच्या शेळीला भुसा भिजवू लागला आणि दुखणाईत पुन्हा ओट्यावर गेले.

मग डॉक्टरने धडपे वाटायला सुरुवात केली. कोणीही कशासाठीही आलं, की औषधाबरोबर पाणी गाळायचं एक फडकं. खोकल्याला फडकं, खरजेला फडकं, बाळंतिणीला फडकं. लोक म्हणत, औषध मागायला जावं तर हा बांगडीवाल्याचा पोर कापडाचं दुकान मांडून बसतो. त्या फडक्यांची टोपडी शिवली गेली, भाकरी बांधल्या गेल्या, एक बुजगावण्याच्या डोक्याला गेलं. गाळायला वापरलं ते एकट्या गजराबाईने, म्हणजे पाटलाच्या बायकोने. मागल्या उन्हाळ्यात हिलालचा नारू तुटला होता आणि पोराला ओरडताना तिने ऐकलं होतं. तिने कोणाला विचारलं नाही, माठाच्या तोंडाला फडकं बांधलं.

वैशाखात दगाजी पाटील सुपारी फोडायला यायचा दिवस ठरला, आणि लोटनच्या डोक्याने असं काम केलं की त्यातलं अर्धं जरी बारवेसाठी केलं असतं तर गावाचं भलं झालं असतं. सगळ्यात आधी डॉक्टर. लोटन दवाखान्याच्या कमिटीत होता. त्याने कळवळून मागणी केली, की धडगावच्या वाटेवरच्या पाड्यांतल्या लेकरांना देवीच्या लशी टोचायला आमचे डॉक्टर पाठवावेत, प्रतिबंधाचं काम फार महत्त्वाचं आहे. वरच्यांना अशी जागृती पाहून भरून आलं. डॉक्टर तट्टावर बसून सातपुड्यात गेला.

मग दुखणाईत. गावातल्या झाडून साऱ्या लंगड्यांना लोटनने आपल्या आमराईत जेवणाचं आवतण दिलं. लांबच्या मळ्यात, गाड्या पाठवून, मांडे, आमरस आणि वर विडा. आज्याच्या नावाने अन्नदान आहे, संध्याकाळपर्यंत कोणी हलायचं नाही, असा प्रेमाचा दम दिला. ज्यांचे पाय धड होते तेही दोन-चार जण लंगडत गाडीत चढले. हिलालच्या घोट्यावर मागल्या सालची खूण होती, तर त्याला नंदुरबारहून बूट आणले. पोर त्यात बदकासारखं चालायला लागलं, पण पाहुण्यांनी ती शहरी चाल समजून घेतली.

शेवटी माठ. पाहुणे माठावरचं फडकं बघतील, का गाळता म्हणून विचारतील. लोटनने ते सोड म्हटलं. गजराबाईने एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि सोडलं.

दगाजी आला, त्याचे दोन भाऊ आले, मामा आला. लोटनने त्यांना दवाखाना दाखवला. उजवी खोली रिकामी, डावी खोली रिकामी, नजीर शेळीला चारा घालतोय. दगाजी थक्क झाला.

"दवाखाना शे, पन दुखणाईत नही. याले म्हणतस गाव," तो भावांना म्हणाला.

मग बारव. त्या दिवशी ओटा धुऊन लख्ख केला होता. ऊन वर मी म्हणत होतं आणि खाली गारवा. लोटनने स्वतः पायऱ्या उतरून तांब्या बुडवला आणि व्याह्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. ब्राह्मणपुरीचं पाणी जरा मचूळ. हे गोड लागलं. दगाजी पोटभर प्याला, भाऊ प्याले, मामा प्याला, आणि मामा तर वर जाऊन पुन्हा खाली येऊन प्याला. सुपारी फुटली. लोटन त्या रात्री अगदी गाढ झोपला.

लग्न जेठातच उरकायचं होतं. पण आठवडा गेला नाही तोच जसोदाची आजी वारली, आणि वर्ष होईपर्यंत घरात कार्य नाही असं दगाजीने कळवलं. लोटन म्हणाला, चालेल. डॉक्टर पाड्यांवरून परत आला, पुन्हा गवंड्याचं बोलला. लोटन म्हणाला, लग्न होऊ द्या. दिवाळीला डॉक्टर पुन्हा बोलला. लोटन म्हणाला, आता किती दिवस राहिलेत? डॉक्टरने वर लिहिलं. जुन्या उजव्या खात्याने उत्तर दिलं, की बारव ही प्रतिबंधाची बाब आहे. जुन्या डाव्या खात्याने उत्तर दिलं, की ओटा हे उपचाराचं साधन आहे. दोन्ही खाती एक झाली आहेत हे त्या दोघांना कोणी कळवलं नसावं.

वर्ष सरलं. वैशाखात आमलवदहून वऱ्हाड निघालं, तापीचं वाळवंट ओलांडून ब्राह्मणपुरीला पोचलं. वाजंत्री वाजली, सीमांतपूजन झालं, पण दगाजी काही गडबडीत दिसेना. मुलीचा बाप एका खाटेवर पाय पसरून बसलेला, पायाला जाड धडपं गुंडाळलेलं. मुरगळला, म्हणाला. त्याचे दोन्ही भाऊ काठी टेकत फिरत होते. त्यांचेही मुरगळले होते. मामा तर आलाच नव्हता. लोटनने हे सगळं पाहिलं, आणि मनातल्या मनात महिने मोजले. सुमारे वर्षाने, असं डॉक्टर म्हणाला होता.

मुहूर्ताच्या आधी दगाजीने त्याला गोठ्यामागे बोलावलं. लोटनला वाटलं, संपलं सगळं. आता हा माणूस विचारणार, काय पाजलंस मला? चार माणसांत पगडी उतरणार. तो गोठ्यामागे गेला आणि खाली मान घालून उभा राहिला. आणि झालं भलतंच. दगाजी खाली वाकला आणि त्याने लोटनचे पाय धरले.

"पाटील, मन्हा पायले नारू शे. भाऊस्लेबी शे," दगाजी रडवेल्या आवाजात म्हणाला. "आमना गावनं पाणी बिघडनं. पोरना काय दोष? तिले टाकू नका."

आणि तो सांगत सुटला. ब्राह्मणपुरीत आजवर नारू कोणी पाहिला नव्हता, कुठून आला देव जाणे. नारूच्या गावची पोर म्हणून लोटन लग्न मोडेल, या धास्तीने त्याला महिनाभर झोप नव्हती. त्याने बाहेरून वैद्य आणला. वैद्य म्हणाला, पायऱ्यांच्या पाण्याने होतो. तर त्याने आपल्या विहिरीच्या पायऱ्या चुन्यात बुजवून टाकल्या, वर रहाट बसवला, भावकीशी भांडण घेतलं. म्हणजे प्रतिबंधाचं काम अगदी उत्तम पार पडलं होतं, फक्त गाव चुकलं होतं.

खरं बोलायला याहून चांगली वेळ माणसाला मिळत नाही. लोटनच्या जिभेवर ते आलंही. पण जीभ ही बाई चलाख. तिने आतल्या आत हिशेब केला, वाजंत्रीचा आवाज ऐकला, हिलालचं मुंडावळ्या बांधलेलं तोंड आठवलं, आणि ती भलतीकडेच वळली.

"उठा, व्याही," लोटन म्हणाला. "पाणी कोनंबी बिघडस. आम्ही मन मोठं करसूत."

दगाजीने त्याला मिठी मारली. डोळे पुसत म्हणाला, की मन्ही पोर चांगला पाणीना गावमा चालनी, एवढंच समाधान शे. लोटन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला स्वतःची किळस आली, हे खरं. पण ती किळस मांडवात शिरेपर्यंतच टिकली.

मांडवात अक्षता पडल्या. जेवताना लोटनने हळूच एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला, आणि परतीच्या गाड्या तापीच्या वाळूत लागेपर्यंत साऱ्या वऱ्हाडात झालं, की मुलीकडे नारू निघाला, बापाने पाय धरले, आणि आपल्या पाटलाने मोठ्या मनाने पोर पदरात घेतली. नवरीच्या गाडीशेजारून चालणारे गडी हे मोठ्याने बोलत होते. गाडीला पडदा होता, पण पडद्याला कान नसतात असं थोडंच आहे. पाटलाच्या गाडीत गजराबाई बसली होती. आमलवदची झाडं दिसू लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली, की पाणी कोनं बिघडनं ते तुमले ठाऊक शे. लोटनने बैलांना उगाच चाबूक मारला.

आमलवदला पाटलाच्या घराची एक खास रीत होती, आज्यानेच घालून दिलेली. नवी नवरी गावात आली की आधी घरात शिरायचं नाही. तिने थेट बारवेवर जायचं, पहिला घडा भरायचा, स्वतः एक घोट प्यायचा, आणि तो घडा डोक्यावर घेऊन उंबरा ओलांडायचा. मग ते पाणी घरच्या सगळ्यांनी तीर्थासारखं घ्यायचं. बायका गाणी म्हणत जसोदाला घेऊन बारवेकडे निघाल्या. पाठराखणीला आलेला तिचा धाकटा काका काठी टेकत मागून चालला. लोटन काठावर जाऊन उभा राहिला.

आणि तेव्हा त्याने खाली पाहिलं. या खेपेला लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने कोणालाच आमराईत पाठवलं नव्हतं. ओटा भरलेला होता. म्हातारे, बाया, पेरणीच्या वयाचे गडी, सगळे ओळीने पाण्यात पाय सोडून बसलेले, नजीर काड्या घेऊन मधून फिरतोय. नवरी येतेय म्हणताच सगळ्यांना आनंद झाला. त्यांनी सरकून तिला जागा करून दिली, एका आजीने पाण्यातला पाय न काढताच तिच्या डोक्यावर हात ठेवला. जसोदा त्या पायांच्या मध्ये वाकली आणि तिने घडा आडवा केला. घड्यात पाणी बुडबुडत शिरू लागलं.

दगाजीच्या पायावरचं ते जाड धडपं लोटनच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिथून हलेना. पुढच्या वैशाखात या पोरीच्या पायाला तसंच धडपं असेल, आणि सारं गाव म्हणेल, बापाच्या घरून आणलं. ती स्वतःही तसंच समजेल. आपण वर मोठ्या मनाने तिला सांभाळू. हे सगळं त्याला एकदम दिसलं आणि त्याला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"थांब पोरी," तो ओरडला.

गाणं थांबलं. खोटं त्याच्याजवळ तयार होतं. घटका भरली नाही, मुहूर्त टळू दे, असं म्हणाला असता तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, आणि घडा घरून गाळून आणता आला असता. तो पायऱ्या उतरून खाली आला. तेवढ्यात त्याने ते खोटं दोनदा जुळवलं आणि दोनदा टाकलं.

"ते पाणी पिऊ नको," तो म्हणाला. "तुन्हा बापना पायमा नारू शे ना, तो याच बारवना शे. मी पाजेल शे. मांगला वैशाखमा, मन्हा हाते."

काठीवरच्या काकाचं तोंड उघडं राहिलं. वर दवाखान्याच्या ओसरीवर अनीस डॉक्टर येऊन उभा होता; त्याला आनंद झाला असेल, पण तो दाखवण्याइतका तो मूर्ख नव्हता. ओट्यावरच्या लोकांना मात्र हे बोलणं कळलंच नाही. त्यांनी नुसतं एकमेकांकडे बघितलं.

लोटनला आत कुठेतरी हलकं वाटलं. त्याला वाटलं, झालं, बोललो, सुटलो. एवढ्या लोकांत एवढा मोठा माणूस खरं बोलला म्हणून कोणी काही चांगलं म्हणेल, अशी एक बारीकशी आशाही त्याने धरली. सवय जात नाही. जसोदाने घडा कलंडून पाणी ओतून दिलं आणि रिकामा घडा पायरीवर उपडा ठेवला. नव्या नवरीने सासऱ्याशी बोलायचं नसतं. तिने पदर नाकापर्यंत ओढला आणि त्या पदराआडून विचारलं.

"मन्हा बापनी तुमना पाय धरात, तवय काबर नही सांगं?"

लोटन पाटलाकडे साऱ्या प्रश्नांची उत्तरं असत. कमिटीला, साहेबाला, व्याह्याला, डॉक्टरला त्याने आजवर कधी बिनउत्तराचं पाठवलं नव्हतं. या खेपेला त्याने पगडी काढून हातात घेतली.

ती घड्याशेजारी पायरीवर बसली. बापले कळू द्या, मंग उंबरा वलांडसू, असं तिने गजराबाईला सांगितलं, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. गजराबाईने तिला उठवलं नाही. ती तिच्याजवळ खाली बसली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. पाटलीणबाई बसल्या म्हणून मग बाकीच्या बायकाही बसल्या. वाजंत्रीवाल्यांना काय करावं सुचेना, त्यांनी सनया झोळीत घातल्या.

लोटनने गाडी जुंपायला सांगितली. हिलाल म्हणाला, मी जातो, काका म्हणाला, मी जाऊन सांगतो. लोटन नको म्हणाला, दगाजीचे पाय ज्याने धरायचे त्यानेच गेलं पाहिजे. डॉक्टरला त्याने जाता जाता गवंड्याचं बघायला सांगितलं, आणि डॉक्टर बरं म्हणाला.

ऊन माथ्यावर होतं आणि तापीच्या वाळवंटात सावलीचं नाव नव्हतं. रीतीप्रमाणे गड्याने बारवेच्या पाण्याची कातडी छागळ भरून गाडीत ठेवली होती. पाटील गावाला निघाला की ती असायचीच. वाळू लागली तसा लोटनचा घसा कोरडा पडला. त्याने छागळ मांडीवर घेतली, ती चांगली गार होती. गड्याने एकदा मागे वळून विचारलं, पाणी पेतस का पाटील? लोटन नही म्हणाला. ब्राह्मणपुरी येईपर्यंत त्याने तिचं तोंड सोडलं नाही.